सत्तावीस कोऱ्या पाठी

ऑफिसात मला पाठीमागे ‘कायदेबाई’ म्हणतात. पाठीमागे म्हणजे फार मागे नाही. दाराच्या पलीकडे उभं राहून, मला ऐकू येईल एवढ्या बेताने म्हणतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तेहेतीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत कुणाचं कनेक्शन ओळखीवर पुढे सरकवलं नाही, की कुणाचा अर्ज रागापोटी मागे ठेवला नाही. लोक म्हणायचे, हिच्या नाकावर राग आणि हातात नियमांचं पुस्तक. असेना का. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते अशा बाईच्या हातून झालं.

वॉर्डाची निवडणूक लागली आणि मला केंद्राध्यक्ष नेमलं. एका मतदान केंद्राचं सगळं केंद्राध्यक्षाच्या गळ्यात असतं: पेटी, मतपत्रिका, रांग, रांगेतली भांडणं, आणि संध्याकाळी सगळं मोहोरबंद करून परत पोचवणं. माझी आई याच वॉर्डात भावाकडे राहते, हे मी नेमणुकीच्या फॉर्मवर लिहून दिलं होतं. पण मनाई फक्त उमेदवाराच्या नातेवाइकांना असते, मतदाराच्या नसते. तेव्हा नेमणूक कायम राहिली.

शाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं, म्हणून केंद्र दिलं जनावरांच्या दवाखान्यात. कुत्री तोलायचा काटा भिंतीला सरकवला आणि त्या जागी आडोसा उभा केला. भिंतीवर गाईच्या पोटाचं मोठं चित्र होतं, आतली आतडी रंगवून दाखवलेलं. लोक मत देऊन वळले की ते समोर यायचं. दाराशी तीन उंच पायऱ्या. तिथे रॅम्प लावून द्या म्हणून मी दोन पत्रं लिहिली होती. पहिल्याला ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर आलं. दुसऱ्याला तेवढंही आलं नाही.

उमेदवार दोनच. एक पिठाची गिरणी चालवणारा, दोन वेळा निवडून आलेला. दुसऱ्या एक निवृत्त नर्सबाई. मतदान कागदावर, शिक्क्याने. प्रत्येक मतपत्रिकेच्या पाठीवर केंद्राध्यक्षाची सही लागते. सही नसली तर मत बाद, कारण नाहीतर कुणीही बाहेरून छापून आणलेला कागद पेटीत टाकेल. सही कधी करायची, तेही नियमात आहे: मतदार समोर आल्यावर. पण बहुतेक केंद्राध्यक्ष सकाळीच अख्ख्या गठ्ठ्यावर सह्या उरकतात आणि दिवसभर मोकळे बसतात. मी तसं कधी केलं नाही. सही केलेला गठ्ठा टेबलावरून नाहीसा झाला तर काय करणार?

माझ्या हाताखाली ग्रंथालयातले एक जण होते. त्यांच्या मिशांमुळे त्यांना सगळे मिशीकाका म्हणायचे. निवडणुकीच्या कामाचा त्यांना माझ्याहून जास्त अनुभव.

‘मॅडम, सह्या आत्ताच उरकून टाका,’ ते सकाळी म्हणाले. ‘दुपारपर्यंत मनगट भरून येतं.’

‘माझं मनगट मी बघेन,’ मी म्हटलं.

त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि आपलं रजिस्टर उघडलं. नाव शोधायचं, मतदाराची सही घ्यायची, हे काम त्यांचं. पत्रिका उलटी करून सही करायची, फाडायची आणि हातात द्यायची, हे माझं.

सकाळी आठच्या सुमाराला चावीवाला आला. बाजाराच्या कोपऱ्यावर याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. पन्नाशीचा माणूस, चाकांच्या खुर्चीतला. दाढी घोटून केलेली, शर्टाला कडक इस्त्री. पायऱ्यांशी येऊन थांबला. रांगेतले दोघे-तिघे पुढे झाले, उचलून घेतो म्हणाले.

‘नको,’ तो म्हणाला. ‘एकदा असंच उचललं होतं लोकांनी. पाडलं.’ मग दारात मी उभी होते तिकडे बघून म्हणाला, ‘बाई, कागद इथं आणून द्या ना. मी शिक्का मारतो, घडी घालतो, पेटीत तुम्ही टाका.’

‘मतपत्रिका खोलीबाहेर नेता येत नाही.’

‘तीन पायऱ्या तर आहेत.’

‘तीन असोत नाहीतर तीस. एकाला दिलं की दहा जण मागतात. नियम सगळ्यांना सारखा.’

‘मग मी काय करू?’

‘या लोकांना उचलू द्या. नाहीतर रॅम्पसाठी परत फोन करते, आला तर बघू.’

रॅम्प येणार नव्हता हे मला माहीत होतं. त्यालाही असणार. दहाएक मिनिटं तो तिथेच थांबला, मग वाद न घालता खुर्ची वळवली आणि गेला. त्याच्याकडे बघून मला वाईट वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं. नियम पाळताना जड गेलं की आपण तो खराखुरा पाळतो आहोत, असा माझा समज होता.

चारच्या सुमाराला केंद्र ओस पडलं. दोन्ही उमेदवारांचे प्रतिनिधी बाकावर पेंगत होते. तेवढ्यात माझी वहिनी आत आली.

‘ताई, आईंना आणलंय. पण पायऱ्या चढवत नाहीत त्यांना. खालच्या पायरीवर बसल्यात आणि मत दिल्याशिवाय घरी येणार नाही म्हणतात.’

परत ने, हे शब्द माझ्या जिभेवर होते. मी खिडकीतून बघितलं. आई पायरीवर बसली होती, केस नीट विंचरलेले, ओळखपत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. चौऱ्याऐंशी वर्षांची. मागच्या महिन्यात तीन आठवडे दवाखान्यात काढून आलेली. पुढच्या निवडणुकीला ही असेल का, असं माझ्या मनात आलं. कुठल्याच नियमात हे बसत नाही. पण आलं.

रांगेत चार माणसं होती. चार पत्रिका उलटून मी त्यांच्या पाठीवर भराभर सह्या केल्या, आईसाठी पाचवी केली आणि ती फाडून घेतली. ‘दोन मिनिटांत येते,’ असं मिशीकाकांना सांगितलं आणि शिक्का घेऊन बाहेर पडले.

आईने पत्रिका हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

‘यात नर्सबाई कुठली?’

‘आई, ते मी सांगू शकत नाही.’

‘अगं, चष्मा घरी राहिला.’

वहिनी चष्मा आणायला गेली. आणि मी अडकले. पत्रिका एकदा मतदाराच्या हातात दिली की परत घ्यायची नाही, आणि ती बाहेर सोडून आत जायचं तर शक्यच नाही. मी आईशेजारी पायरीवर बसले.

‘पोटची पोर तू, आणि एक चिन्ह सांगत नाहीस,’ आई म्हणाली.

‘नाही सांगत.’

‘बापावर गेलीस अगदी.’ पण म्हणताना तिला माझा अभिमान वाटला होता. तो लपवायला तिला कधी जमलं नाही.

तेवढ्यात बाटल्यांच्या कारखान्याची पाळी सुटली आणि बायका-माणसांचा लोंढा फाटकातून आला. आमच्या अंगावरून पायऱ्या चढून ते आत जात होते आणि मत देऊन बाहेर येत होते. आत काम सुरळीत चाललंय म्हणून मला उलट समाधान वाटलं. आई तिच्या दवाखान्यातल्या शेजारणीच्या गमती सांगत होती. कित्येक महिन्यांत आम्ही दोघी अशा निवांत बसलो नव्हतो. मी तिचा हात हातात घेऊन बसले होते. चष्मा आला, मी तोंड फिरवलं, तिने शिक्का मारला, घडी घातली. ती पेटीत टाकून मी खुर्चीवर येऊन बसले तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. माझं मन अजून पायरीवरच होतं. समोरचा मतदार बघितला, वरची पत्रिका उलटली, सही केली. मधल्या पत्रिकांचं काय झालं, हा प्रश्न मला पडलाच नाही. त्यानंतर साडेपाच वाजेपर्यंत मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी होती. अकराला फोन आला, ताबडतोब या.

मोजणी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होती. मतमोजणी अधिकारी नोंदणी कार्यालयातले एक साहेब, झोप न झाल्याने डोळे लाल झालेले. त्यांच्या टेबलावर वेगळ्या ट्रेमध्ये सत्तावीस मतपत्रिका होत्या, सगळ्या पालथ्या घातलेल्या, सगळ्यांच्या पाठी कोऱ्या. ट्रे बघताक्षणी मला सगळं कळलं.

मिशीकाका भिंतीशी उभे होते. ‘मॅडम, तुम्ही उठताना गठ्ठ्यावर सह्या करताना दिसलात,’ ते हळूच म्हणाले. ‘मला वाटलं, अखेर कंटाळलात आणि सगळ्या उरकून गेलात. सगळे करतात तसं. मी फाडत गेलो. पाठ उलटून बघितली नाही.’

मी इतरांसारखी सकाळीच सह्या करून बसले असते तर हे झालं नसतं. मी आयुष्यभर ज्यांना बोल लावले, त्यांच्यातल्या एकाच्याही हातून सत्तावीस मतं अशी कोरी गेली नसती.

ती मतं सोडून मोजणी पूर्ण झाली होती. गिरणीवाला पाच मतांनी पुढे होता. त्या सत्तावीसमध्ये अठरा नर्सबाईंची होती आणि नऊ गिरणीवाल्याची. म्हणजे ती धरली तर नर्सबाई चार मतांनी येत होत्या. गिरणीवाल्याचा वकील सांगत होता, हे कागद बाहेरून आलेले असू शकतात, आणि ग्रंथालयातल्या या गृहस्थांची चौकशी करा. मिशीकाकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. नर्सबाई दूर हाताची घडी घालून उभ्या होत्या.

साहेबांनी मला बाजूला घेतलं.

‘सही नाही तर मत बाद, हे तुम्हाला माहीत आहे. पण चूक केंद्रावरच्या माणसांची होती अशी माझी खात्री पटली, तर मला ती धरता येतात. मतदारांना त्याची शिक्षा नको, असं कलमच आहे. खात्री पटायला मला तुमचा लेखी जबाब लागेल.’

‘देते.’

‘सोपं लिहा. “एका वृद्ध मतदारास मदत करण्यासाठी जागेवरून उठावे लागले, त्या अवधीत सह्या राहून गेल्या.” बस. तुम्हाला फार तर ताकीद मिळेल. सात महिने राहिलेत ना रिटायर व्हायला? कशाला फाटे फोडायचे?’

भला माणूस होता. मी कागद घेतला आणि तेच लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सत्तावीस माणसं पाळीवरून दमून आली होती, रांगेत उभी राहिली होती, त्यांची मतं वाचत होती. मिशीकाका सुटत होते. माझंही नाव राहत होतं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

वकिलाने शांतपणे विचारलं, ‘हे वृद्ध मतदार कुठे होते? खोलीत की बाहेर?’

‘बाहेर.’

‘म्हणजे मतपत्रिका खोलीबाहेर गेली. ज्यांना ज्यांना पायऱ्या चढता येत नव्हत्या, त्या सगळ्यांना तुम्ही बाहेर नेऊन दिलीत?’

‘याचं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही,’ साहेब मला म्हणाले.

नव्हतेच. गप्प बसले असते तरी कुणी काही करू शकलं नसतं. चावीवाल्याची कुठल्याच रजिस्टरमध्ये नोंद नव्हती. जो आत आलाच नाही, त्याची नोंद कोण करतो? आणि बोलले तर? वकील म्हणेल, हे अख्खं केंद्रच पक्षपाती, आणि ट्रेमधली मतं कायमची जातील. भीती वाटली मला, खोटं कशाला बोलू. पण मी त्या साहेबांकडे माझ्यावर विश्वास ठेवा म्हणून मागत होते, आणि अर्धंच सांगून मागत होते. आयुष्यभर लोकांचे असले अर्धवट अर्ज मी परत पाठवले होते.

मी कागद परत ओढून घेतला आणि खाली लिहिलं. की तो वृद्ध मतदार म्हणजे माझी आई. की चष्म्यासाठी पंचवीस मिनिटं मी जागेवर नव्हते. की त्याच सकाळी एका अपंग मतदाराने हीच सोय मागितली होती आणि ती मी नियम दाखवून नाकारली होती, आणि तो मत न देता परत गेला. की मिशीकाकांचा यात दोष नाही. हेही मोठ्याने वाचलं.

वकील म्हणाला, ‘म्हणजे आपला तो बाब्या आणि...’

‘दुसऱ्याचं ते कार्टं,’ मी म्हटलं. ‘हो. तसंच झालं.’

साहेबांनी जबाब दोनदा वाचला. मग निर्णय लिहायला घेतला. स्वतःच्या विरुद्ध एवढं लिहिणारी बाई सह्यांबद्दल खोटं लिहिणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी त्यांनी साहेबी भाषेत लिहिलं. सत्तावीस मतं धरली. आईची पत्रिका बाहेर गेली होती, पण ती पेटीत मिसळलेली, शोधून काढणं शक्य नाही. आणि एका मताने निकाल बदलत नाही, असंही नोंदवलं. नर्सबाई चार मतांनी आल्या. माझ्यावर चौकशी बसली. ती अजून चालू आहे.

ऑफिसात दुसऱ्या दिवशी सगळे मला वेगळ्याच नजरेने बघत होते. मिशीकाका मुद्दाम भेटायला आले आणि सत्तावीस जणांची मतं वाचवलीत म्हणाले. दाराच्या पलीकडून त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. तोंडावर मात्र सगळ्यांनी एकच सांगितलं, की आईच्या त्या एका मताने काही बिघडलं नाही, निकालात लिहिलंय तसं. मला ते ऐकवेना. तक्रारीचा फॉर्म पर्समध्ये घालून मी चावीवाल्याच्या दुकानात गेले.

एका खोलीचं दुकान. उंबरठा काढून टाकलेला, टेबल त्याच्या खुर्चीच्या उंचीचं. तो कानशीने किल्ली घासत होता. मला बघून त्याने स्टूल दाखवलं.

‘परवा मी तुम्हाला परत पाठवलं,’ मी म्हटलं. ‘आणि दुपारी माझ्या आईला मात्र बाहेर कागद नेऊन दिला. तसं मी लिहून दिलंय. तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार करा. फॉर्म आणलाय मी.’

‘माहीत आहे मला,’ तो म्हणाला.

‘कुणी सांगितलं?’

‘सांगायला कशाला लागतंय? मी होतो तिथं. चारला परत आलो होतो, म्हटलं रॅम्प आला का बघावं. फाटकाशी होतो. तुम्ही आजींजवळ बसला होतात, हातात शिक्का. मला वाटलं, वरून काही नवीन हुकूम आला असेल. आजींचं झालं की माझ्याकडे याल.’

‘हाक का नाही मारलीत?’

‘मायलेकी बोलत होतात. मध्ये कसं बोलायचं?’ त्याने किल्लीवरची धूळ फुंकली. ‘मग तुम्ही आत गेलात. म्हटलं, येतील बाहेर.’

‘किती वेळ थांबलात?’

‘फाटक लागेपर्यंत.’

लाज कशी असते ते मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. हॉलमध्ये वाटली होती ती लाज नव्हती. तिथे बघणारे लोक होते, आणि खरं बोलल्याचा थोडा मानही होता. इथे हा एकटा होता, आणि तो रागावलेलासुद्धा नव्हता.

मी फॉर्म टेबलावर ठेवला. त्याने तो हातात न घेताच विचारलं, ‘याने मत देता येईल आता?’

‘नाही.’

‘मग कशाला?’

‘तुम्ही आला होतात, हे कुठेतरी लिहिलेलं राहील,’ मी म्हटलं.

त्याने कानशी बाजूला ठेवली. ‘तुम्हीच लिहा मग,’ म्हणाला. ‘माझे हात तेलाचे आहेत.’

मी पेन काढलं. नाव, पत्ता त्याने सांगितला. मतदार क्रमांक त्याला पाठ होता. तक्रार कुणाविरुद्ध, तिथे मी माझं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. त्याखाली एक रकाना होता: केंद्रावर किती वेळ प्रतीक्षा केली.

‘दीड तास,’ तो म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, ‘सकाळची दहा मिनिटं धरायची का?’

‘धरा,’ मी म्हटलं, आणि मान वर न करता लिहीत राहिले.